सवाई माधवराव पेशवे : एक चित्र आणि एक चरित्र

१

सवाई माधवराव पेशवे (१७७४–१७९५) आणि नाना फडणीस (१७४२–१८००) यांना एकत्र दाखविणारे एक तैलचित्र मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने ते १७९२ मध्ये रंगविले आणि मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. तरुण पेशवे बैठकीवर बसले आहेत, त्यांच्याजवळ नाना बसले आहेत आणि मागे सेवक उभे आहेत. एवढाच त्या चित्राचा विषय. तथापि पदव्युत्तर वर्गात हे चित्र दाखविले की पाहणाऱ्यांना त्यात याहून पुष्कळ अधिक दिसू लागते. पेशव्यांच्या मुद्रेवर खिन्नता दिसते, नानांच्या कृश व लांबट चेहऱ्यावर धोरणीपणा किंवा कारस्थान दिसते, आणि दोघांच्या मधल्या जागेत एक न बोललेला तणाव जाणवतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ हे नाटक ज्यांनी वाचले आहे, त्यांना तर हा तणाव चित्राच्या पृष्ठभागावरच रंगविलेला वाटतो.

प्रस्तुत लेखात सवाई माधवरावांच्या चरित्राची मांडणी या चित्राला मध्यभागी ठेवून करावयाची आहे. चित्रातील भाव आणि नातेसंबंध यांचा जो अर्थ आपण लावतो, त्यापैकी कोणता भाग चित्राने दिलेला आहे आणि कोणता आपण नंतरच्या घटनांवरून चित्रात नेऊन ठेवला आहे, हे तपासणे हा या मांडणीचा हेतू होय. हा प्रश्न केवळ कलासमीक्षेचा नाही. नाना हे माधवरावांचे पालक होते की पहारेकरी, हा मराठी इतिहासलेखनातील आणि नाट्यवाङ्मयातील एक जुना वाद आहे. आणि त्या वादात हे चित्र पुष्कळदा साक्षीदार म्हणून उभे केले जाते. साक्षीदाराला खरोखर काय ठाऊक होते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

२

माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. त्यापूर्वी सुमारे साडेसात महिने, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचे वडील नारायणराव यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला होता. नारायणरावांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. या खुनाचा ठपका त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्यावर आला. रामशास्त्री प्रभुणे यांच्या चौकशीची कथा सर्वश्रुत आहे. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर असल्याचे कळताच सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन, रघुनाथरावांना दूर ठेवून, गंगाबाईंच्या नावाने कारभार हाती घेतला. बारभाईंचे कारस्थान या नावाने ओळखली जाणारी ही जूट एका अजून न जन्मलेल्या मुलाच्या भरवशावर उभी होती. मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली.

या जन्मकथेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सामान्यतः मूल घरात जन्माला येते आणि पुढे केव्हातरी त्याला पद मिळते. येथे पद आधीच वाट पाहत होते आणि घर मात्र उरलेले नव्हते. गंगाबाई १७७७ मध्ये वारल्या. माधवराव तेव्हा तीन वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या संगोपनाचा भार पार्वतीबाईंकडे आला. पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी. पती जिवंत असल्याच्या विश्वासावर त्यांनी पुढचे सारे आयुष्य काढले. १७८३ मध्ये त्याही गेल्या. आजी गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूर येथे राहत. नातवाला त्यांनी दिनचर्या व राज्यकारभार यांविषयी लिहून पाठविलेला उपदेश प्रसिद्ध आहे. परंतु ते नाते मुख्यतः पत्रांतले होते. १७८८ मध्ये त्यांचेही निधन झाले. वयाची पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच माधवरावांच्या जवळची सर्व वडीलधारी स्त्री-माणसे अशा रीतीने काळाच्या पडद्याआड गेली होती.

पुरुषांच्या बाजूने पाहिले तर रक्ताचे नाते उरले होते ते रघुनाथरावांच्या शाखेत; आणि तीच शाखा शत्रुपक्षाची. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पुण्याची गादी मिळविण्यासाठी त्यांची फौज मागितली. १७७८ च्या अखेरीस ही फौज मुंबईहून निघून पनवेलला एकत्र आली. आज कामोठे, खांदेश्वर यांसारख्या वसाहती ज्या पनवेलच्या खाडीच्या परिसरात उभ्या आहेत, ती खाडी त्या काळी मुंबई व पुणे यांच्या दरम्यानचे दार होती: मुंबईहून होड्यांनी पनवेल, तेथून खोपोली, मग बोरघाट चढून खंडाळा व कार्ले, आणि पुढे पुणे. याच वाटेने फौज वर चढली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठी परंपरेतला इष्टुर फाकडा, पडला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना मान खाली घालून तह करावा लागला. ज्या पेशव्यासाठी हे युद्ध झाले त्याचे वय तेव्हा पाच वर्षांचेही नव्हते. १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्ध संपले. रघुनाथराव कोपरगावी राहू लागले व १७८३ च्या डिसेंबरात वारले. त्यांचा मुलगा बाजीराव जानेवारी १७७५ चा, म्हणजे माधवरावांहून नऊ महिन्यांनी लहान. पण नात्याने मात्र त्यांचा चुलता. हा समवयस्क चुलता आपल्या भावांसह नाशिकजवळ आनंदवल्ली येथे नजरेखाली वाढत होता.

३

अशा परिस्थितीत माधवरावांच्या आयुष्यात अखंड राहिलेली व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे नाना फडणीस. बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचे पूर्ण नाव. १७६१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पानिपतावर होते. त्या संहारात त्यांची आई नाहीशी झाली आणि ते स्वतः वेषांतर करून कसेबसे परत आले. या अनुभवापर्यंत येऊन थांबणारे त्यांचे आत्मचरित्र हा मराठी गद्याचा एक महत्त्वाचा प्रारंभीचा नमुना असून, त्यात स्वतःच्या भीतीची व दुर्बलतेची जी कबुली आहे ती त्या काळच्या लेखनात दुर्मीळ होय. नानांनी अनेक विवाह केले, परंतु त्यांना जगलेला मुलगा नव्हता. पितृहीन पेशवा आणि पुत्रहीन कारभारी अशी ही जोडी होती. हे साम्य पुढे चित्राचा विचार करताना उपयोगी पडेल. मात्र त्यावरून भावनिक निष्कर्ष काढण्याची घाई करणे योग्य नव्हे.

नानांनी माधवरावांची शिस्त कडक ठेवली, यात शंका नाही. शिक्षण, स्नानसंध्या, दरबारातील वर्तन, भेटीगाठी या सर्वांवर त्यांची देखरेख होती. खून पाहिलेल्या वाड्यात, खुन्यांच्या पक्षाचा वारस जिवंत असताना, एकुलत्या एका वारसाचे रक्षण करणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही. १७८३ च्या फेब्रुवारीत माधवरावांचा थत्ते घराण्यातील रमाबाईंशी पुण्यात मोठ्या थाटाने विवाह झाला. त्याच्या व्यवस्थेचे बारकावे नानांच्या पद्धतशीर स्वभावाचा नमुना म्हणून आजही सांगितले जातात. काळजी आणि नियंत्रण यांमधली रेषा या सर्व व्यवहारात कोठे ओढावी, हे ठरविणे कठीण आहे. किंबहुना ती रेषा नानांना स्वतःला तरी दिसत होती काय, हाच प्रश्न आहे.

माधवरावांच्या स्वतःच्या आवडीनिवडींची जी थोडी माहिती मिळते, तीत पशुपक्ष्यांचा छंद ठळक आहे. पर्वतीच्या पायथ्याजवळ त्यांचा शिकारखाना होता. त्यातील गेंड्याचे एक चित्र १७९० मध्ये गंगाराम चिंतामण तांबट (नवगिरे) या पुण्याच्या कलावंताने काढले. हा गंगाराम पुढे वेल्सच्या कामात सहभागी झाला. पेशव्यांच्या अनुमतीने आणि इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात याच सुमारास एक चित्रशाळा निघाली व तेथे पाश्चात्य पद्धतीचे चित्रण शिकविले जाऊ लागले. वेल्सच्या चित्राची पार्श्वभूमी म्हणून हे ध्यानात ठेवले पाहिजे की चित्र काढवून घेणे ही या तरुण पेशव्यांना अनोळखी किंवा लादलेली गोष्ट नव्हती. त्यांच्या भोवती चित्रे काढली जात होती आणि त्यांना त्यात रुची होती.

४

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडमधील पीटरहेडचा. १७९१ मध्ये तो मुंबईस आला आणि पुढच्या वर्षी मॅलेटच्या आश्रयाने पुण्यास गेला. ज्या पनवेल–बोरघाटाच्या वाटेने तेरा वर्षांपूर्वी फौज चढली होती, तीच मुंबईकर इंग्रजांची पुण्याला जाण्याची नेहमीची वाट होती. आता त्या वाटेने वकील, व्यापारी आणि चित्रकार येऊ लागले होते. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे व इंग्रज यांचा तह झाल्याने पुणे दरबार हा इंग्रजांचा मित्र ठरला होता, आणि मित्रांच्या प्रतिमा काढून घेणे हा त्या काळच्या राजनीतीचाच एक भाग होता. वेल्सने नानांचे व महादजी शिंदे यांचेही चित्रण केले. मॅलेटची सहचारिणी अंबर कौर हिचेही चित्र त्याने काढले.

१७९२ हे वर्ष पुण्याच्या दृष्टीने अपूर्व होते. आदल्या वर्षी घाशीराम कोतवालाचा प्रक्षुब्ध जमावाने अंत केला होता आणि त्या प्रकरणाने नानांच्या कारभाराला डाग लागला होता. जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले. बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलक पदाची वस्त्रे त्यांनी पेशव्यांना समारंभपूर्वक अर्पण केली आणि स्वतः मात्र पेशव्यांचे जोडे उचलणाऱ्या सेवकाची भूमिका वठविली. माधवरावांना महादजींचा सहवास आवडू लागला. शिकार, रंगपंचमी, मोकळे बोलणे हे सारे त्यांना नानांच्या शिस्तीच्या जगाबाहेरचे होते. नाना अस्वस्थ झाले. कारभार सोडून काशीस जाण्याची भाषा त्यांनी काढली, असे सांगतात. म्हणजे वेल्स ज्या वर्षी चित्र रंगवीत होता, त्या वर्षी अठरा वर्षांच्या पेशव्यांसमोर प्रथमच दोन वडीलधारे होते आणि त्यांतील एकाची निवड करणे शक्य दिसत होते.

माधवरावांचे वय तेव्हा अठरा होते. नारायणराव मारले गेले तेव्हा त्यांचेही वय तेवढेच होते. दरबारात हे गणित कोणी केले असेल की नाही हे सांगता येत नाही. परंतु वडिलांना जे वय ओलांडता आले नाही त्या वयात मुलगा सुरक्षित, अलंकृत आणि आसनस्थ आहे, एवढे तरी ते चित्र निःसंशय सांगते. नानांच्या दृष्टीने पाहिले तर तेच त्या चित्राचे मुख्य विधान असावयास हवे.

५

आता चित्रातील भाव व नाती यांच्याकडे वळावयास हरकत नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये कुटुंबातील माणसांना एकत्र, सहज हालचालींत दाखविणारे चित्र ही एक प्रतिष्ठित कलाजाती होती. हिंदुस्थानात जोहान झोफनी याने याच जातीची चित्रे काढली. कर्नल ब्लेअर व त्याचे कुटुंब यांचे १७८६ चे चित्र हे त्याचे एक उदाहरण. अशा चित्रांत नाते दाखविण्याची एक परिभाषा असते: पत्नीचा हात पतीच्या हातात, मुली वाद्यापाशी किंवा खेळात, पाळीव प्राणी पायाशी. स्पर्श, नजर आणि समान कृती या तीन साधनांनी माणसे एकमेकांची आहेत हे पाहणाऱ्याला कळते. वेल्स ही परिभाषा जाणणाऱ्या परंपरेतला होता.

मराठी दरबाराची परिभाषा मात्र वेगळी. तेथे नाते दाखविले जाते ते आसनाने. कोण गादीवर, कोण गादीजवळ, कोण उभा, कोणाच्या हाती चवरी. या मांडणीतूनच कोण कोणाचा कोण हे ठरते. भावना चेहऱ्यावर दाखविणे हे दरबारात अप्रशस्त, आणि भारतीय लघुचित्रपरंपरेतही राजपुरुषाची मुद्रा स्थिर असणे हाच त्याचा गुण मानला जातो. वेल्सच्या चित्रात या दोन परिभाषा एकत्र आल्या आहेत. तैलरंग, छायाप्रकाश आणि व्यक्तिसादृश्य ही पाश्चात्य पद्धतीची. बैठक, मान, अलंकार आणि सेवकांची जागा ही पुणे दरबाराची. पाश्चात्य चित्रणामुळे चेहरे जिवंत व्यक्तींचे वाटतात, म्हणून आपण त्यांच्यावर मनोभाव शोधू लागतो. परंतु त्या चेहऱ्यांनी पाळलेली स्थिरता दरबारी शिष्टाचाराची आहे. ही स्थिरता खिन्नता म्हणून वाचली जाणे हा बहुशः दोन परिभाषांच्या संगमातून उद्भवणारा भ्रम होय.

हीच सावधगिरी चित्रातील अनुपस्थितांविषयी बाळगली पाहिजे. चित्रात स्त्री नाही. त्यावरून माधवरावांच्या मातृहीनतेचा संकेत काढण्याचा मोह होतो. परंतु रमाबाई तेव्हा हयात होत्या आणि त्याही चित्रात नाहीत. दरबारी चित्रात त्या असणे शक्यच नव्हते. स्त्रियांची अनुपस्थिती ही प्रथा आहे, भावसूचन नव्हे. याउलट, रक्ताच्या पुरुष नातेवाइकाची अनुपस्थिती ही प्रथेने आलेली नाही. पेशव्यांच्या घराण्यात भाऊ, चुलते, पुतणे हे कारभारात व मोहिमांत एकत्र असण्याची रीत होती. चिमाजीअप्पा व सदाशिवरावभाऊ ही त्याची ठळक उदाहरणे. १७९२ मध्ये गादीजवळची ती जागा घराण्यातील कोणी भरू शकत नव्हते, कारण जे भरू शकले असते ते नजरकैदेत होते. त्या जागी कारभारी बसला आहे. चित्रातील नातेसंबंधाविषयी निश्चितपणे करता येणारे विधान हे एवढेच, आणि तेच सर्वांत अर्थपूर्ण आहे. नाना हे माधवरावांचे आप्त नव्हते. परंतु आप्ताची जागा त्यांच्याकडे होती.

या अर्थाने वेल्सचे चित्र हे कुटुंबचित्र मानता येते, जरी त्यातील दोघांत रक्ताचा संबंध नाही. पेशवाई हे एकाच वेळी घर आणि शासन होते. घरातील कलहाने शासन हादरले आणि शासनाच्या सोयीसाठी घर नव्याने रचावे लागले. पेशव्यांच्या अंगावरील मोती-जवाहीर व नानांचा त्या मानाने साधा पेहराव यांतून वाचणारा वाचू शकतो की एकाकडे मान आहे आणि दुसऱ्याकडे कारभार आहे. मॅलेटसारख्या इंग्रज प्रेक्षकाला तरी हे चित्र पुण्याच्या सत्तेचा अचूक नकाशा वाटले असणार. दोघांपैकी एकालाच वेगळे काढून ते चित्र छापले जाते तेव्हा नेमका हा नकाशाच नष्ट होतो. एकटे पेशवे मग उदास दिसतात आणि एकटे नाना कपटी. कारण ज्या संबंधाने त्यांच्या मुद्रांना अर्थ दिला होता तो चौकटीबाहेर राहतो.

६

चित्रानंतरची तीन वर्षे वेगाने गेली. १७९३ मध्ये रमाबाई वारल्या आणि त्याच वर्षी माधवरावांचा दुसरा विवाह यशोदाबाईंशी झाला. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी शिंदे वानवडी येथे निवर्तले. जूनमध्ये हरिपंत फडकेही गेले. रामशास्त्री १७८९ मध्येच वारले होते. म्हणजे १७९२ मध्ये जे दोन वडीलधारे होते त्यांपैकी पुन्हा एकच उरला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. सर्व मराठा सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आल्याचा तो अखेरचा प्रसंग. माधवराव स्वतः या मोहिमेत होते. विजयानंतर शत्रूचा भ्याडपणा आणि आपल्या लोकांची पोकळ बढाई पाहून ते विषण्ण झाले, असे ग्रँट डफने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. ही हकीकत खरी मानली तर तीत नाटकातल्या दुबळ्या तरुणापेक्षा विचारी व परखड नजरेचा तरुण दिसतो.

याच सुमारास माधवराव व बाजीराव यांच्यात गुप्त पत्रव्यवहार सुरू झाल्याचे सांगितले जाते. बाजीराव आता जुन्नरजवळ शिवनेरीवर कैदेत होते. आपल्याच वयाच्या आप्ताविषयी माधवरावांना ओढ वाटली आणि नानांना ते कळताच त्यांनी कठोर शब्दांत समज दिली, मध्यस्थाला कैदेत टाकले व पहारा वाढविला, ही डफने दिलेली कारणमीमांसा. १७९५ च्या दसऱ्यानंतर, २५ ऑक्टोबर रोजी, माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालच्या कारंजावर पडले. दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबर रोजी, त्यांचा अंत झाला. वय एकवीस वर्षे सहा महिने. मानहानी असह्य होऊन त्यांनी उडी घेतली, असे डफ मानतो; तापाच्या भ्रमात ते पडले, असे अनेक मराठी इतिहासकारांचे म्हणणे आहे. दोन्ही पक्षांना पुरावे आहेत आणि दोन्ही पक्षांना आपापले नाना हवे आहेत. जेम्स वेल्सही याच वर्षाच्या अखेरीस, साष्टीतील लेण्यांची चित्रे काढण्याच्या कामात असताना, आजाराने वारला. चित्र काढणारा आणि चित्रातला तरुण काही आठवड्यांच्या अंतराने नाहीसे झाले. राहिले ते नाना. १७९६ मध्ये यशोदाबाईंच्या मांडीवर बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी यांना दत्तक देण्यात आले आणि त्याच वर्षाअखेर, चित्रात ज्यांची जागा रिकामी होती ते बाजीराव, गादीवर आले.

७

माधवरावांच्या मृत्यूनंतर या चित्राचा अर्थ बदलू लागला. थॉमस डॅनियल याने वेल्सच्या अभ्यासचित्रांच्या आधारे १८०५ मध्ये पेशव्यांच्या १७९० च्या दरबाराचे एक भव्य चित्र पूर्ण केले. ते आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. १७९० चा तो दरबार डॅनियलने पाहिलेला नव्हता आणि वेल्सनेही नाही. चेहरे १७९२ चे किंवा नंतरचे, प्रसंग १७९० चा आणि रंगकाम १८०५ चे. मृत तरुणाची मुद्रा एका विजयी राजनैतिक दृश्याच्या मध्यभागी नेऊन बसविण्यात आली. प्रतिमा आपल्या क्षणापासून सुटून दुसऱ्या क्षणाच्या कामी कशी लागते, याचे हे पहिले उदाहरण.

दुसरे उदाहरण मराठी रंगभूमीचे. खाडिलकरांनी १८९३ मध्ये लिहिलेल्या नाटकात माधवरावांना हॅम्लेटची संशयग्रस्त संवेदनशीलता लाभली, तर ‘ऑथेल्लो’मधील इयागोच्या वळणाचा केशवशास्त्री त्यांच्या मनात विष कालवू लागला. मराठी शोकात्मिकेच्या विकासात या नाटकाचे स्थान मोठे आहे आणि त्याविषयी येथे काही उणे बोलावयाचे नाही. परंतु शोकात्मिकेला नायकाचा शेवट आरंभापासून त्याच्या मुद्रेवर दिसावा लागतो. चरित्राला तशी सवलत नाही. पुढे १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने नानांची एक सर्वस्वी वेगळी प्रतिमा प्रेक्षकांच्या मनात रुजविली. आज वेल्सच्या चित्रासमोर उभा राहणारा मराठी वाचक खाडिलकरांचा माधव आणि तेंडुलकरांचा नाना यांना शेजारी बसलेले पाहतो, आणि १७९२ ची दोन माणसे त्यांच्या मागे झाकली जातात.

ती दोन माणसे अशी होती: एक अठरा वर्षांचा तरुण, ज्याला प्राण्यांचा, चित्रांचा व मोकळ्या सहवासाचा छंद होता, ज्याच्या जवळची स्त्री-माणसे एकामागून एक गेली होती, आणि ज्याला त्या वर्षी प्रथमच थोडी मोकळीक लाभत होती, आणि एक पन्नास वर्षांचा निपुत्रिक कारभारी, ज्याने ते मूल जन्मण्यापूर्वीपासून सांभाळले होते आणि आता ते आपल्या हातून सुटेल या भीतीने तो अस्वस्थ होता. यांच्यातील नाते प्रेमाचे होते की धाकाचे, हे चित्रावरून ठरविता येत नाही; आणि एवीतेवी वडील व अठरा वर्षांचा मुलगा यांच्या कोणत्याही घरात ते एकाच शब्दात सांगता येत नाही. १७९२ मध्ये १७९५ कोणालाच ठाऊक नव्हते. चित्रकाराला नाही, पेशव्यांना नाही आणि नानांनाही नाही.

वर्गात हे चित्र दाखविताना म्हणून एक साधा क्रम पाळणे उपयुक्त ठरेल. प्रथम चित्रात कोण कोठे बसले आहे हे विद्यार्थ्यांकडून केवळ वर्णन करून घ्यावे. नंतर १७७३ ते १७९२ पर्यंतचे चरित्र सांगावे. मुद्रेचा अर्थ त्यानंतर विचारावा. आणि खाडिलकरांचे नाटक व मृत्यूची हकीकत सर्वांत शेवटी आणावी. प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्यांनी लिहिलेले अर्थ जपून ठेवले तर चेहरा तोच असता त्यावरील भाव कसे बदलत गेले हे त्यांचे त्यांनाच दिसेल. सवाई माधवरावांच्या अवघ्या एकवीस वर्षांच्या आयुष्याला त्याच्या शेवटापासून क्षणभर तरी मोकळे करून पाहणे, एवढे या पद्धतीने साधले तरी पुष्कळ झाले.